पाचवा 'काऊन'

सोमवारी सकाळी सात वाजता, शेडच्या तोंडाशी, सुपरवायझरने आमची टोळी रांगेत उभी केली आणि सांगितलं की आजपासून आपण विचार करायचा.

हसू नका दोस्तांनो. अगदी असंच म्हणाला. आजपासून तुम्ही नुसते हमाल नाही, तुम्ही विचार करायचा. माझ्या शेजारचा म्हातारा टोळीवाला कानात पुटपुटला, 'मग एवढी वर्षं काय हा आमच्या वतीने करत होता काय?'

भिंतीवर पांढरा बोर्ड लागला. बोर्डावर मोठ्या अक्षरात 'कायझेन'. बोर्डाखाली पत्र्याची पेटी, पेटीला कुलूप, कुलपाची चावी ऑफिसात. कायझेन हा जपानी शब्द. म्हणजे सतत सुधारणा, रोज थोडी थोडी. हेलपाटा वाचवा, वेळ वाचवा, नासाडी थांबवा, आणि सुचलं ते चिठ्ठीवर लिहून पेटीत टाका. ज्याची चिठ्ठी पास होईल त्याचा फोटो बोर्डावर आणि बक्षीस म्हणून स्टीलचा डबा.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, घाटंजीकडचा. शिक्षण मॅट्रिक. मुंबईच्या बाजूला गोदीत ठेकेदाराच्या हाताखाली कंटेनर भरतो नि खाली करतो, रात्री कविता लिहितो. ठेकेदाराचं नाव लिहीत नाही. लिहून फायदा काय? वर्ष संपलं की पाटी बदलून तोच माणूस परत येतो. जुन्या गोदी कामगारांना १९४८ च्या कायद्याने नोंदणी मिळाली होती, बोट नसली तरी हजेरीचे पैसे मिळत होते. पूर्वी मिळत होतं म्हणून आम्हीही ते ऐकतो, जसं आजीकडून ऐकतात तसं. आमची नोंद फक्त मुकादमाच्या वहीत. पेन्सिलने.

पण चिठ्ठी म्हटल्यावर माझा हात शिवशिवला. लिहायला सांगितलं नाही तरी लिहिणारा माणूस मी, इथे तर मालकच लिही म्हणतो. पहिली चिठ्ठी पाण्याची टाकली. शेडपासून नळ ३४० पावलं लांब. मी मोजलीत. जाऊन येऊन ६८०. सुपरवायझरने शिकवलं होतं की विनाकारण चालणं ही नासाडी. म्हटलं, मग नळ जवळ आणा. तीन आठवड्यांनी उत्तर आलं : पाण्याला जाण्याची वेळ ठरवून देण्यात येत आहे, सकाळी एकदा, दुपारी एकदा. पावलं वाचली खरी. तहान तेवढीच राहिली.

दुसरी चिठ्ठी फळीची. या फळीसाठीच मी हे सगळं लिहितोय.

ट्रेलर शेडच्या धक्क्याला लागतो तेव्हा कंटेनरचा तळ आणि धक्का यांच्यात हातभर उंचीचा फरक पडतो. हातगाडी आत जात नाही. मग दोन माणसं सांध्यावर उभी राहून प्रत्येक गोणी हातोहात उचलून देणार, एकजण खाली रचणार. दिवसाला हजार गोणी गेल्या तर सांध्यावरच्या माणसाची कंबर हजारदा वाकली. माझ्या टोळीत त्या सांध्यावर कायम एक माणूस असायचा. माझ्या आईच्या गावचा, म्हणून मामा. ह्यानेच मला यवतमाळहून इकडे आणलं, मुकादमाच्या पुढे उभं केलं, पहिले दोन महिने आपल्या खोलीत झोपायला जागा दिली. रात्री त्याची कंबर मी चोळायचो. म्हणून चिठ्ठी लिहिली : जाड पत्र्याची उतरती फळी टाका, हातगाडी थेट आत जाईल, उचलायचं काम राहणार नाही. चित्र काढून दिलं. माप लिहिलं.

चिठ्ठी पास झाली. फळी आली. हातगाडी सुरसुर आत जायला लागली. टोळी खुश. सुपरवायझरने पाठ थोपटली. बोर्डावर माझा फोटो लागला, आमच्या घरात कुणाचा फोटो कुठल्या बोर्डावर लागलेला मी पहिलाच, पोलीस स्टेशन सोडलं तर. आणि पुढच्या पहिल्या तारखेला मुकादमाने वही उघडली, नऊच्या टोळीतली तीन नावं खोडली. सांध्यावरचे दोन आणि रचणारा एक. त्यात मामा.

पेन्सिलने लिहिलेलं खोडायला काय लागतं?

दिवाळीत गावाकडे गेलो तेव्हा कळलं, मामा एका जिनिंगवर हमालीला लागलाय. भेटायला गेलो. गेटाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आत रुईचा ढीग. मामाने चहा पाजला. बराच वेळ बोललाच नाही. मग एकच विचारलं :

'काऊन लिवलं बे तू ते?'

'तुही कंबर वाचावी म्हणून, मामा.'

'हाव. वाचली ना. दोन महिने घरीच होतो. लय आराम भेटला कंबरेले.'

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मग त्यानेच जिनिंग दाखवली, जसा पाहुण्याला कुणी आपलं शेत दाखवतो. पूर्वी बाया टोपल्यांनी कापूस रेच्यापर्यंत न्यायच्या, रेच्यात घालायच्या. आता पाइप बसलेत, हवा कापूस ओढून नेते. २००० साली केंद्र सरकारने कापसाचं टेक्नॉलॉजी मिशन काढलं, त्यातून देशभर जिनिंग-प्रेसिंगच्या जुन्या कारखान्यांत असले बदल झाले. रुईत कचरा कमी, पोत्याच्या सुतळ्या कमी, गाठ एकसारखी १७० किलोची. हे काही वाईट नाही. टोपली घेऊन दिवसभर रुईच्या धुळीत चालणारी बाई रात्रभर खोकत होती, हे मी लहानपणी बघितलंय, ती बाई माझी आजी होती. पाइप आला, धूळ कमी झाली, खोकला कमी झाला. आणि बाईही कमी झाली. जी धूळ गेली ती वाऱ्याने गेली. बाई कशाने गेली?

ते काय कायझेन-फायझेन, सगळा भांडवलदाराचा डाव आहे, असं लिहून मला हा लेख इथेच संपवता आला असता. आपल्या पानांवर असे लेख भरपूर येतात, मीही टाळ्या दिल्यात. पण मला ते खोटं वाटतं. फळी चांगली आहे. फळीवर माझा राग नाही. मामाच्या कमरेला ती दहा वर्षं आधी मिळायला पाहिजे होती. म्हणून म्हटलं, हा जपानी माल मुळात काय आहे ते तरी बघू. लायब्ररीत बसलो. इंग्रजी अडखळत वाचतो, पण वाचतो.

तर ऐका. ही सगळी विद्या मोटारीतून आली असं आपल्याला वाटतं. ती आली मागातून. कापडाच्या मागातून. साकिची टोयोडा नावाचा सुताराचा पोरगा, जन्म १८६७. घरातल्या बाया हातमागावर राबताना बघून त्याने माग सुधारायला घेतला. पुढे असा माग बनवला की सूत तुटलं की माग आपोआप थांबतो. तुटक्या सुताचं वाईट कापड विणतच नाही. १९२४ साली त्याचा पूर्ण स्वयंचलित माग तयार झाला, एका कामगाराला डझनावारी माग सांभाळता येऊ लागले. १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने त्या मागाचे हक्क १ लाख पौंडांना घेतले. ज्या इंग्लंडने जगाला माग विकले, त्याने जपानकडून माग घेतला! टोयोटा मोटार कंपनी निघाली नंतर, १९३७ ला. ताइची ओनो, ज्याने नासाडी शोधायची ही सगळी पद्धत बसवली, तोही आधी टोयोडाच्या कापड गिरणीत होता, मोटारीकडे आला १९४३ ला.

आणि जपानच्या त्या काळातल्या गिरण्यांना कापूस कुठून जात होता? मोठा वाटा हिंदुस्थानातून. आखूड धाग्याचा, स्वस्त. १८९३ मध्ये मुंबई ते कोबे अशी जपानी बोटींची लाइन सुरू झाली ती मुख्यतः या कापसासाठी. वऱ्हाडचा कापूस बाजारात 'उमरा' नावाने ओळखला जायचा, उमरावतीचा म्हणून. यवतमाळची रुई शकुंतला गाडीने मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या लाइनीने मुंबईला, धक्क्यावर, बोटीत. शकुंतला आज धावत नाही. पण गाठी उचलणारे तेव्हाही आपलेच. आपल्या आजे-पणज्यांनी पाठीवर नेलेल्या वऱ्हाडी कापसावर जपानी गिरण्या वाढल्या, त्या गिरण्यांच्या धंद्यात मागाची अक्कल वाढली, ती अक्कल मोटारीत गेली, मोटारीतून अमेरिकेत. १९८८ साली तिथे तिला 'लीन' नाव पडलं, म्हणजे सडपातळ, चरबी नसलेलं. आणि आता ती पांढऱ्या बोर्डावर बसून माझ्या शेडमध्ये परत आली. मला विचार करायला शिकवायला. वा रे वा.

ओनोने नासाडीचे सात प्रकार सांगितले. जास्तीचं बनवणं, वाट बघणं, विनाकारण वाहतूक, विनाकारण प्रक्रिया, साठा, विनाकारण हालचाल, आणि बिघाड. सात आमच्या बोर्डावर आहेत, रंगीत खडूने. पण जपानी लोक तीन शब्द वापरतात : मुदा म्हणजे नासाडी, मुरा म्हणजे चढउतार, आणि मुरी म्हणजे माणसावर किंवा यंत्रावर झेपणार नाही इतका बोजा. हे तिसरं आमच्या बोर्डावर नाही. खडू संपला असेल. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने शिफारस केली की मोठ्या पुरुषाने हाताने उचलायचं ओझं ५५ किलोच्या वर असू नये. मुरीला आकडा आहे, माप आहे. पण तो आकडा सुधारणेत धरत नाहीत.

दुसरीही गोष्ट बोर्डावरून गळालीय. साकिचीचा माग सूत तुटलं की थांबतो, तसं टोयोटाच्या कारखान्यात कामगाराच्या डोक्यावर दोरी असते. काही चुकलं तर कोणताही कामगार दोरी ओढतो, मग फोरमन धावत येतो, चूक निघाली नाही तर लाइन थांबते. कोणताही कामगार! दोस्तांनो, आमच्या गोदीत काही चुकलं म्हणून काम थांबवायचा अधिकार आहे कुणाला? दोरी मला फक्त एकच दिसते, क्रेनची, आणि ती ओढायची नसते, तिच्याखालून पळायचं असतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. १९५० साली टोयोटात मोठा संप झाला. कंपनीने हजाराच्या वर माणसं काढली, पण संपाच्या दणक्याने साकिचीच्या मुलालाही, किइचिरोलाही, अध्यक्षपद सोडावं लागलं. त्यानंतर कायम कामगारांना नोकरीचा भरवसा मिळाला. त्या भरवशावर ते चिठ्ठ्या लिहितात. माझी फळी माझ्या मामाला खाणार नाही, एवढी खात्री असेल तर कोण लिहिणार नाही? आम्हाला पेटी दिली, भरवसा दिला नाही. म्हणजे मागाचा धोटा आणला आणि सूत आणायचं विसरले.

पण जपानचंही फार कौतुक नको. सातोशी कामाता नावाचा पत्रकार १९७२ साली टोयोटात हंगामी मजूर म्हणून राहिला आणि त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. हंगामी मजुराला भरवसा नव्हता, लाइनचा वेग मात्र होता. भरवसा कायम माणसाला, वेग हंगामी माणसाला. तिथेही पेन्सिलची वही होतीच. आणि जपानचे अस्पृश्य, बुराकू? त्यांनी १९२२ च्या मार्चमध्ये क्योटोत आपली संघटना उभी केली, सुइहेइशा, आपल्या महाडच्या पाच वर्षं आधी. १९७५ साली उघडकीला आलं की बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांची यादी छापून गुपचूप विकली जात होती आणि दोनशेच्या वर कंपन्यांनी ती घेतली होती. नोकरीला आलेल्या पोराचा पत्ता यादीशी ताडून बघायला. रोज थोडी थोडी सुधारणा करणाऱ्या देशात ही यादीही कुणीतरी सुधारत असेल. नवीन वस्ती, नवीन पिनकोड.

आता आपल्याकडे येतो. ही पेटी आपल्याकडे पहिल्यांदा आलेली नाही. तेव्हा तिचं नाव रॅशनलायझेशन होतं. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणीमालकांना जपानी कापड झोंबायला लागलं. त्यांनी सुधारणा काढली : दोन साचे चालवणाऱ्या साचेवाल्याने तीन चालवायचे, कातणाऱ्याने एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळायच्या. उरलेली माणसं घरी. एप्रिल १९२८ ला संप फुटला आणि सहा महिने चालला. मुंबईच्या कामगार चळवळीची ही मोठी गोष्ट, सगळे अभिमानाने सांगतात, सांगावीच.

त्या गोष्टीत एक बारीक गोष्ट आहे, ती हळू आवाजात सांगतात. साचाखात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता. पगार बरा तिथेच. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नवीन कांडीचा दोरा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढावा लागे. एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडाला. महाराने ओढलेला धोटा मराठ्याने कसा ओढायचा? बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना सांगितलं की साचाखात्याचं दार उघडण्याची मागणीही मागण्यांत घाला. ज्यांनी तिसऱ्या साच्यासाठी सहा महिने उपास काढले, त्यांना ही मागणी तोंडात घ्यायला जड गेली. थुंकी आडवी आली.

इथे ओनोची आणखी एक युक्ती लावून बघा. तो म्हणे, काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारा. पहिल्या उत्तरावर थांबू नका, पहिलं उत्तर नेहमी कामगारावर ढकलणारं असतं. आमच्या वऱ्हाडीत 'काऊन' म्हणतात, आणि मला तो 'का' पेक्षा जास्त आवडतो, कारण 'का' विचारता येतं बसून, 'काऊन' विचारताना माणूस अर्धा उठलेला असतो.

महार साचाखात्यात नाही. काऊन? कारण थुंकी लागते. काऊन लागते? कारण दोरा तोंडाने ओढतात. काऊन तोंडाने? कारण धोट्याला नुसतं भोक आहे. काऊन नुसतं भोक? अमेरिकेत तर १८९० च्या दशकात नॉर्थ्रॉपच्या मागावर असा धोटा आला होता की ज्यात दोरा आपोआप बसतो, तोंड लावावंच लागत नाही. मॅसॅच्युसेट्स राज्याने तर १९११ साली तोंडाने ओढायच्या धोट्यावर कायद्याने बंदी घातली, क्षयाच्या भीतीने. थुंकी गोऱ्या कामगाराच्या छातीला धोका आहे म्हटल्यावर धोटा बदलला. इथे त्याच थुंकीने जात राखली जात होती, मग धोटा बदलायची घाई कुणाला? साचे दोनाचे तीन करायला सुधारणा सुचते, धोट्याला एक खाच पाडायला सुचत नाही. काऊन? हा पाचवा.

पाचव्या काऊनला कारखान्यात उत्तर मिळत नाही. तो गेटाबाहेर जातो, गावात जातो, गावकुसाबाहेर जातो. म्हणून कुणी तिथपर्यंत जाऊ देत नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवलं की जात नुसतं काम वाटत नाही, काम करणारे वाटते. १९३८ ला मनमाडच्या रेल्वे कामगारांच्या परिषदेत दोन शत्रू सांगितले, भांडवलशाही आणि ब्राह्मणशाही. एका शत्रूशी लढणारे आमचे मित्र तिसऱ्या काऊनपर्यंत येतात, चहा पितात आणि परत जातात.

यवतमाळचंच उदाहरण देतो, कारण ते माझ्या छातीवर बसलेलं आहे. २०१७ चा पावसाळा संपता संपता जिल्ह्यात फवारणी करणारे मजूर आणि शेतकरी मरायला लागले. वीसच्या वर माणसं मेली, शेकडो दवाखान्यात. यवतमाळच्या मेडिकल कॉलेजात खाटा पुरल्या नाहीत. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, मीही पाठीवर पंप बांधून फिरत होतो. त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. फवारा वर धरायचा आणि तो वाऱ्याने आपल्याच तोंडावर यायचा. संध्याकाळी डोळ्यांची आग, उलटी. आई लिंबू पिळून द्यायची. मी वाचलो, त्यात माझी हुशारी काही नव्हती, माझ्या मालकाचं शेत लहान होतं एवढंच.

माणूस मेला. काऊन? विष अंगात गेलं. काऊन? मास्क नव्हता, हातमोजे नव्हते. झालं! इथे चौकशीची गाडी थांबली. साहेब, पुढारी, पेपरवाले, दुकानदार सगळे याच स्टेशनावर उतरले. मजुराने काळजी घेतली नाही. मग गावोगावी किटा वाटल्या, फोटो काढले. अहो, पण पुढे विचारा ना. मास्क काऊन नव्हता? मालकाने दिला नाही, दुकानदाराने दिला नाही, आणि ऑक्टोबरच्या उन्हात प्लास्टिकचा डगला घालून दहा पंप मारून बघा म्हणावं एकदा. एवढी फवारणी काऊन लागली, दोन-दोन औषधं एकत्र करून? कारण ज्या बीटी बियाण्याला बोंडअळी लागणार नाही म्हणून सांगितलं होतं, त्याला गुलाबी बोंडअळी पचवायला शिकली. दरसाल तेच बियाणं सगळीकडे, अळीनेही आपलं कायझेन केलं, रोज थोडी थोडी सुधारणा. आणि दुसऱ्याच्या शेतात दुसऱ्याचं विष आपल्या पाठीवर घेऊन हाच माणूस काऊन? कारण त्याला जमीन नाही. आज नाही म्हटलं तर उद्या बोलावणं नाही. त्याच्या डोक्यावर दोरी नाही, जी ओढली की शेत थांबेल.

गटाराचंही तेच. १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला पुन्हा झाला. माणूस आत मेला की पहिलं उत्तर तयार असतं : दोर बांधला नव्हता.

आता थोडं आपल्या अंगणात. सात नासाड्यांची यादी हातात आल्यापासून मला एक वाईट खोड लागलीय, मी ती आपल्या सभांना लावून बघतो. वाट बघणं : सहाची सभा, नेते नऊला, बाया पोरं घेऊन जमिनीवर. जास्तीचं उत्पादन : एका शहरात एकाच नावाच्या चार संघटना, कंसातलं आडनाव तेवढं वेगळं. साठा : ठराव. बिघाड : हे लिहीत नाही, संपादक कापतील. चळवळीलाही कुणीतरी पाच वेळा काऊन विचारलं पाहिजे, आणि आपल्याकडे दुसऱ्यालाच माणूस फितूर ठरतो. आणखी एक जमात निघालीय. आपल्यातलीच शिकलेली पोरं, टाय लावून कारखान्यात कायझेनचे क्लास घेतात. त्यांच्या नोकरीवर माझा डोळा नाही, शिकले, कमावतात, चांगलं आहे. माझं एवढंच म्हणणं, मुरीही शिकवा. दोरी शिकवा. १९५० चा संप शिकवा. ते पान तुमच्या पुस्तकात असतं, मी बघितलंय, तुम्ही उलटून पुढे जाता.

कारण कामाची अक्कल आमच्याकडे आहे, ही गोष्ट मालकाला कळलीय आणि आपल्या युनियनांना अजून कळायचीय. कंटेनर कसा रचला म्हणजे कोसळत नाही, कुठली गोणी आधी, आकडा कुठे मारायचा, हे ऑफिसातल्या एकालाही माहीत नाही. आम्हाला शतकानुशतके सांगितलं की तुमच्याकडे हात आहेत, डोकं वरच्यांकडे. आता पेटी ठेवून तेच डोकं मागतायत. फुकट. नाही, चुकलो, स्टीलच्या डब्यात.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. १९४६ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे तास ५४ चे ४८ झाले. तीही सुधारणाच. पण त्यांनी ती मालकाच्या पेटीत टाकली नाही, कायद्यात टाकली. म्हणून ती कुणा एका मुकादमाला खोडता आली नाही. आमचंही तेवढंच मागणं आहे. चिठ्ठ्या लिहू, हजार लिहू, पण आधी बोर्डावर शाईने लिहा की कुणाच्या चिठ्ठीने कुणाची हजेरी जाणार नाही. तीन माणसं वाचली तर त्यांना नवव्या तासातून वाचवा, शंभर किलोच्या गोणीतून वाचवा, तहानेतून वाचवा. पेटीची एक चावी टोळीकडे द्या. आणि कंटेनर डुलायला लागला तर काम थांबवायचा हात वर करू द्या, त्या दिवसाची हजेरी न कापता. हे काही क्रांतीचं मागणं नाही. जपानी भांडवलदाराने आपल्या कायम कामगाराला जे दिलं तेवढंच आहे. आपला भांडवलदार जपानकडून फक्त खडू आणतो.

मामाशी बोलून आलो तेव्हा टोळीला हे सांगितलं. सहाच उरलोत. दोघे म्हणाले, तू फळी दिलीस, आता गप बस, नाहीतर पुढच्या चिठ्ठीत आम्ही. बरोबरच बोलले. तिघांनी अंगठा दिला, म्हणजे सही, पण आम्ही अंगठाच म्हणतो.

मागच्या सोमवारी मी पेटीत तिसरी चिठ्ठी टाकली. वर तिघांची नावं लिहिली, मामाचं पहिलं. खाली लिहिलं : यांना परत घ्या, सहांचं काम नऊ जणांत वाटा, ओझं एक तृतीयांशाने कमी होईल, बिघाड कमी होईल, तुमच्या बोर्डावरचा सातवा प्रकार बघा. चित्र काढलं नाही. चौघांच्या सह्या आहेत, माझी धरून. स्टीलचा डबा ट्रंकेत आहे, कागदासकट. माझा फोटो अजून बोर्डावर आहे, समुद्राच्या दमट हवेने एका कोपऱ्यात सुटलाय. आज गुरुवार. पेटी उघडलेली नाही. आम्ही फळीवरून हातगाडी आत नेतोय, बाहेर आणतोय.